काकूंचा वाफा

पुठ्ठेकाकांना हे नाव पडलं तेव्हा ते शाळेची बस चालवत होते. मुलांना घरी सोडून परतताना दुकान दिसलं की बस हळू व्हायची आणि काका खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायचे, "खोकी आहेत का हो रिकामी?" बस डेपोत लागायची तेव्हा मागच्या सीटांवर मुलांच्या जागी पुठ्ठे ऐसपैस बसलेले असत. एखाद्या दिवशी फ्रिजचं खोकं मिळालं, तर स्वारी शीळ घालत घरी यायची.

हे पुठ्ठे जायचे डेपो आणि लाँड्रीच्या मधल्या मोकळ्या जागेवर. तिथे वस्तीतल्या लोकांनी मिळून बाग सुरू केली होती आणि शनिवारी शेतीचा वर्ग भरायचा. येईल त्याला शिकवायचं, फी नाही, परीक्षा नाही. पर्माकल्चर असं भारदस्त नाव होतं, पण पहिला धडा अगदी सोपा होता: माती खणायची नाही. गवतावर ओले पुठ्ठे अंथरायचे, त्यावर वीतभर कंपोस्ट आणि त्यात लावणी. खालचं गवत अंधारात मरतं, पुठ्ठा कुजतो, आणि खणायचं काम गांडुळं करतात. काकांनी तोवर कुंडीत कोथिंबीरसुद्धा लावलेली नव्हती. पण हे ऐकलं आणि गडी असा पेटला की विचारू नका. माणूस उतारवयात एखाद्या गोष्टीच्या नादी लागला की घरच्यांची खैर नसते.

घरात होत्या काकू. जन्म शेतकऱ्याच्या घरातला, नोकरी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही हा स्वभाव.

"अहो, न खणता पीक येत असतं तर माझ्या बापानं जन्मभर कुदळ काय हौस म्हणून चालवली?"

"अगं, विज्ञान आहे ते."

"मग विज्ञानाला म्हणावं, एक गाजर काढून दाखव."

"दाखवतो की! घोडंमैदान जवळच आहे."

अशा रीतीने बागेत दोन वाफे शेजारी शेजारी आले. लांबीरुंदी तीच, कंपोस्ट तेच, बी एकाच पुडीतलं. फरक एवढाच की काकांचा वाफा पुठ्ठ्यावरचा आणि काकूंचा खणलेला. वर्गाला असा आयता धडा कुठून मिळायचा! नवे लोक आले की त्यांना आधी या दोन वाफ्यांच्या मधल्या पायवाटेवर उभं करायचं, अशी रीतच पडली.

पहिल्या वर्षी काकांची पार फजिती झाली. त्यांनी लाडाच्या फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे घातले होते, आणि त्यांना प्लास्टिकचा पातळ थर आहे हे उत्साहाच्या भरात पाहिलंच नव्हतं. पुठ्ठा कुजला, थर राहिला. गाजरं खाली गेली, थराला टेकली आणि काटकोनात वळली. काकूंची गाजरं सरळसोट. त्या दिवशी बागेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काकूंनी एकेक वाकडं गाजर दिलं. "घ्या, विज्ञान घ्या," म्हणाल्या.

पुढे मात्र काकांच्या वाफ्याने डोकं वर काढलं. माती भुसभुशीत झाली, ओल टिकायला लागली, तण तर नावालाच. गाजरं वजनात भरायला लागली. काकू काटा बघायच्या आणि म्हणायच्या, "वजनाला तुमची, चवीला माझी." चव कोण मोजणार? वर्गातल्या लोकांना चाखायला दिली की ते आधी काकूंच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग मत द्यायचे.

थंडी सरली की काकू कुदळ घेऊन वाफ्यात उतरायच्या. कुदळीच्या दांड्याला त्यांनी जुन्या ॲप्रनची निळी पट्टी गुंडाळली होती, हाताला फोड येऊ नयेत म्हणून. काका कडेला उभे राहून भाषण द्यायचे.

"एकेका घावाला किती गांडुळं मरतात, कल्पना आहे का तुला?"

"मग त्यांना सांगा, शेजारी जागा रिकामी आहे म्हणून. भाडं नाही."

दमल्या की त्या कुदळीवर रेलायच्या, आणि काका भाषण अर्धं टाकून थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे करायचे. काकू फुंकर मारत चहा प्यायच्या, अर्धा ठेवायच्या आणि झाकण परत द्यायच्या. तो उरलेला अर्धा चहा काकांचा. वर्षातली सगळ्यात सुखाची सकाळ तीच होती. तेव्हा ते कळलं नाही, एवढंच.

मग एका हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतरचा हंगाम काका बागेत येत राहिले, वर्गात बोलत राहिले, पण त्या वाफ्याकडे पाठ करून. तिथे गवत गुडघ्याला लागलं. लोक त्याला वळसा घालून जायचे.

यंदा मात्र वर्ग चालवणारी मुलगी त्यांच्याजवळ येऊन बसली. लहानपणी काकांच्याच बसने शाळेत जायची ती. बराच वेळ तिने हातमोज्यांची माती झटकली.

"काका, काकूंच्या वाफ्यातल्या गवताचं बी सगळीकडे उडतंय. लोक कुरकुर करतात. त्यावर पुठ्ठा घालू या का? तुमच्याच पद्धतीनं. शनिवारी नव्या लोकांना शिकवायलाही होईल."

काका काय बोलणार? जगाला हेच तर सांगत आले होते. "घालू या," म्हणाले. पुठ्ठेही त्यांनीच गोळा केले. एकेक पुठ्ठा नखाने खरवडून पाहिला, प्लास्टिकचा थर नाही ना.

शनिवारी वर्ग भरला. काकांनी नेहमीचं सगळं सांगितलं: माती जिवंत असते, तिला उलटीपालटी करायची नाही, खणायचं नाही. लोकांनी माना डोलावल्या. टबात पुठ्ठे भिजत होते. काकांनी पहिला पुठ्ठा उचलला आणि काकूंच्या वाफ्यावर धरला. पुठ्ठ्यातून पाणी गळत होतं.

पुढचं त्यांना पाठ होतं. हंगाम संपेपर्यंत गवत मरेल, माती भुसभुशीत होईल, आणि दोन वाफ्यांतला कुठला कुणाचा हे कुणाला ओळखू येणार नाही. इतक्या वर्षांचं भांडण मिटेल. काका जिंकतील. आणि काकांना जिंकायचं नव्हतं. भांडायला ती हवी होती. ते पुठ्ठा तसाच धरून राहिले, तेव्हा मुलीने विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

त्यांनी पुठ्ठा परत टबात सोडला आणि अवजारांच्या खोलीत गेले. आले ते निळ्या पट्टीची कुदळ घेऊन. वाफ्यात उतरले आणि पहिला घाव घातला. वर्षभराची मुळं घट्ट बसली होती, कुदळ नुसती टणकन उडाली. दांडा कुठे धरायचा हेही धड माहीत नव्हतं. दुसरा घाव घातला, तेव्हा कुठे एक ढेकूळ उलटलं.

नवे लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एका बाईंना राहवेना.

"अहो काका, आत्ताच तर म्हणालात, खणायचं नाही!"

"नाहीच खणायचं," काका धापा टाकत म्हणाले. "अजिबात खणायचं नाही."

"मग हे काय करताय?"

"हा वाफा माझा नाही."

मुलीने टबातले पुठ्ठे काढून दुसऱ्या वाफ्याकडे नेले आणि लोकांनाही तिकडे बोलावलं. काका खणत राहिले. हाताला फोड आला. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, अहो, कुदळ आहे ती, बसचं स्टिअरिंग नव्हे. मध्येच ते दांड्यावर रेलले आणि सवयीने बाजूला बघितलं. चहा धरून कुणी उभं नव्हतं.

खाली उलटलेल्या ढेकळात एक गांडूळ वळवळत होतं. धडधाकट होतं, घाव लागला नव्हता. काका खाली बसले, त्याला हलकेच उचललं आणि शेजारच्या आपल्या वाफ्यात ठेवलं.

"जा बाबा," ते म्हणाले. "जागा रिकामी आहे. भाडं नाही."