वाकडं टोक

शिरोलीच्या कारखान्यात मी फिटर होतो, आणि वाकडं दिसलं की सरळ करायची मला खोडच होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मामाच्या पायाची शीर तुंबली आणि पाऊल काळं पडायला लागलं. वास असा, की भेटायला आलेला माणूस चहा नको म्हणायचा. मी तर दारातूनच "बरं हाय न्हवं?" विचारून पळायचो. सख्खा भाचा!

परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांनी पाय वाचवायचं मनावर घेतलं. त्यांच्याकडं एक बारीक तार होती. ती मांडीतून शिरेत सरकवायची. बाहेरून मूठ फिरवली की आतलं टोक वळायचं आणि शीर न दुखवता हव्या त्या फाट्यात शिरायचं. अशी एकच तार, तीही धुऊन धुऊन वापरलेली. नेमकी तिची मूठ तुटली आणि मामाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती दुरुस्तीला माझ्याकडं आली.

"फक्त मूठ करा. तारेला हात लावू नका," डॉक्टरांनी बजावलं.

पितळेची मूठ झकास झाली. मग नजर टोकाकडं गेली. वाकलेलं. बघवेना. पक्कडीत धरून ओढलं, पॉलिश पेपर मारला, तेलकट चिंधीनं पुसलं. टोकाच्या वेटोळ्यांतून तपकिरी कपच्या निघाल्या. गंज समजून नखानं खरवडल्या. रक्त होतं ते, कुणाचं कोण जाणे. त्याच हातानं मी खर्डा-भाकरी खाल्ली, वर बोटं चाटली.

"टोक वाकडं होतं, ते कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सरळ केलं की साहेब. एकदम सुतात."

ते आधी तारेकडं, मग माझ्या नखांकडं बघत राहिले. "वाकडं होतं म्हणून तर वळत होतं," म्हणाले, आणि तार कचऱ्यात टाकली. "आणि नखांत रक्त आहे, हात धुवा." मी बाहेर जाऊन ओकलो.

दुसऱ्या दिवशी न वळणारी साधी तार घातली, ती फाट्यापाशीच अडली. जोर लावला तर शीर फाटेल, म्हणून डॉक्टर थांबले. मुंबईहून दुसरी येईपर्यंत पाय मात्र थांबला नाही. गुडघ्याखाली कापला.

मामाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "व्हय? मग आता बादली तूच धरायची."

जखम भरेपर्यंत ड्रेसिंगला मीच उभा. पुवानं चिकटलेल्या पट्ट्या सुटून बादलीत पडायच्या, दोन्ही हात बादलीला म्हणून मला नाकही दाबता यायचं नाही, आणि मामा माझ्या तोंडाकडं बघत समाधानानं विडी मागायचा.