भिंतीचा ताप

नव्वदच्या दशकात विश्रामबागेत आम्ही गवंड्यांना हवेशीर, कमी विजेत गार राहणारी घरं बांधायला शिकवायचो. शेवटी तोंडी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचो. वडूजचा एक म्हातारा गवंडी वर्गात शिरला की ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात भिंतीला लावायचा आणि मगच बसायचा.

परीक्षेत मी त्याला विचारलं, "मोठी खिडकी कोणत्या दिशेला ठेवाल?"

"आवं सायब, घर कंच्या गावात हाय?"

"गावाचा काय संबंध?"

"आमच्याकडं पश्चिमेचा वारा लय धूळ आणतो. जाग्यावर चार दिस बसल्याबिगर मी खिडकी सांगत न्हाई."

माझ्याकडचं छापील उत्तर 'पश्चिम' होतं. मी त्याला नापास केलं. जाताना तो भिंतीला हात लावून गेला.

पुढं मी स्वतःचं घर बांधलं आणि मोठी खिडकी पश्चिमेला ठेवली. त्या गवंड्याचं नाव मला आठवत नाही, पण रोज दुपारी त्या खिडकीतून ऊन आणि धूळ आत आली की मी त्याच्यासारखाच उलटा हात भिंतीला लावून उभा राहतो. भिंत तापली आहे की माझाच हात, ते काही कळत नाही.