पाठीवर इस्तरी कोण फिरवतं?

आमच्या ताईने तेवीस वर्षं लॉन्ड्रीत इस्तरी केली आणि तिच्या अंगावर चटक्याचा एक डाग नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. इस्तरी किती तापलीय ते ती नुसती गालाजवळ नेऊन ओळखायची. तिच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. मी तिची धाकटी बहीण, तिथेच चादरींच्या घड्या घालते.

म्हणून तिच्या छातीवर फोड आले आणि मालक म्हणाला की वय झालं, आता ही भाजून घ्यायला लागली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. फोड पातळ सालीचे, ढिले. कपडा घासला की फुटायचे आणि खाली लालभडक. गल्लीतल्या दवाखान्याच्या कंपाउंडरने न बघताच भाजल्याचं मलम दिलं. महिनाभर ते थापलं. चादर अंगाला चिकटायची, सकाळी ती सोलून काढावी लागायची, आणि खोलीत शिळा, गोडसर वास भरून राहायचा.

तिच्या सुनेने ताट वेगळं केलं, टॉवेल वेगळा केला, नातीला लांब ठेवलं आणि वर गोड आवाजात सांगितलं की हे सगळं सासूबाईंच्याच भल्यासाठी. गिऱ्हाइकं नाकं मुरडतात म्हणून मालकाने तिला घरी बसवलं. ज्यांच्या घामट, डागाळलेल्या चादरी हिने जन्मभर सरळ केल्या त्यांना आता हिची किळस. गरज सरो, वैद्य मरो. थू असल्या माणसांवर.

एका दुपारी तिला अंघोळ घालताना खांद्यांच्या मधोमध ताजा फोड दिसला.

"ताई, पाठीवर इस्तरी कोण फिरवतं गं?" मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी तिला मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फोडाशेजारच्या चांगल्या कातडीवर अंगठा टेकवून जरा सरकवला, तर उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी कातडी निघाली. बाई म्हणाल्या, हे भाजणं नाही आणि हे कुणाला लागतही नाही. शरीराची राखण करणारी ताकदच आपल्या कातडीवर उलटलीय. फोडाच्या कडेचा बारीक तुकडा तपासायला पाठवू, गोळ्या लगेच सुरू करू, पण बरं वाटलं म्हणून त्या मनाने बंद करायच्या नाहीत. मी मनातल्या मनात सुनेला आणि मालकाला काय काय सुनावायचं ते जुळवत बसले होते.

मग बाईंनी विचारलं, "याच्या आधी तोंडात जखमा होत्या का?"

"चार महिने," ताई म्हणाली. "पाणीसुद्धा झोंबायचं."

"हा आजार बऱ्याचदा तोंडातच सुरू होतो. तेव्हाच आला असतात तर अंगावर एवढा पसरू दिला नसता. कुणाला दाखवलं नाहीत?"

"नाही," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. "कुणालाच नाही."

दाखवलं होतं. मला. लॉन्ड्रीच्या खिडकीपाशी उजेडात तिने आ केला होता. आत सगळं सोललेलं होतं. वास आला तशी मी हातातली चादर नाकाला लावली, तोंड आलंय, गुळण्या कर म्हटलं आणि मागे सरले. त्या दिवसापासून ती माझ्याशी तोंडावर हात धरूनच बोलायची, आणि मला ते बरंच वाटायचं.