गाळाच्या वाफ्यातली म्हैस

फिल्टर धुण्याआधी आमच्या केंद्रात हवेचा ब्लोअर सुरू होतो. आधी नुसती घरघर, मग तो आवाज जमिनीत उतरतो आणि तळपायांना जाणवायला लागतो. फिल्टरच्या टाकीतली वाळू उकळल्यासारखी होते, तिच्यात अडकलेला नदीचा गाळ वर येतो आणि पाणी चहाच्या रंगाचं होऊन गोल गोल फिरतं. उन्हाळ्याच्या दुपारी कठड्याला रेलून ते पाहताना मी जागी आहे की झोपेत, हे माझं मलाच कळायचं नाही.

वर्ध्याच्या रस्त्यालगत एका टेकाडावर हे पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. मी तिथे ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा धुण्याचं गढूळ पाणी मागच्या नाल्यात सोडायची पद्धत होती. नाला एरवी कोरडाच. पण ब्लोअर वाजला की पलीकडच्या बाभळीतून म्हशी निघायच्या. कोणी हाकायचं नाही, हाळी द्यायचं नाही. पाणी पोचायच्या आधी त्या नाल्यात जाऊन उभ्या. मागून डोक्यावर पदर घेतलेली त्यांची मालकीण यायची आणि काठावर बसून राहायची. मी वरून हात करायची, तीही करायची. एवढीच ओळख. मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणत असे.

पुढे केंद्रात नवी टाकी बांधली. धुण्याचं पाणी आता तिच्यात निवळायचं. वरचं पाणी पुन्हा शुद्ध व्हायला जायचं आणि तळाचा गाळ सिमेंटच्या काठाच्या मोठमोठ्या वाफ्यांत. वाफ्यांच्या तळाशी वाळू. पाणी तिच्यातून झिरपून जायचं, वर उरायचा राखाडी, लोण्यासारखा थर. काही वाया जात नाही, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

पहिल्या दिवशी ब्लोअर वाजला तशा म्हशी आल्या. उभ्या राहिल्या. आवाज थांबला, फिल्टर धुऊन झाला, तरी त्या तशाच. उन्हात नाल्याचे दगड हलल्यासारखे दिसत होते आणि त्यांच्यामध्ये त्या काळ्या पाठी, जणू कोणीतरी चित्र काढून पाणी रंगवायचं विसरलं होतं.

दोन-तीन दिवसांनी मावशी फाटकाशी आली.

"काऊन वो बाई, पानी काऊन नाई सोडलं?"

मी तिला नवी टाकी दाखवली. पाणी आता परत वापरतो, म्हणून सांगितलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "गावाले पानी पुरन. पन ह्याईले कसं सांगू? मशीन वाजली का निघूनच राह्यल्या."

मशीन वाजवल्याशिवाय फिल्टर धुता येत नव्हता.

हळूहळू बाकीच्या म्हशी यायच्या थांबल्या. एक म्हातारी मात्र येतच राहिली. एका दुपारी ती नाल्यात दिसली नाही. मी मागे गेले, तर मागच्या भिंतीच्या खिंडारातून आत शिरून ती गाळाच्या वाफ्यात बसलेली! वरून सुकलेला, भेगाळलेला थर. आत नुसतं दही. ती पोटापर्यंत रुतली होती. मी ओरडले. आमचे फिटर काका दोर आणि फळ्या घेऊन धावले, मी मावशीला बोलवायला बाभळीकडे पळाले.

आम्ही परतलो तेव्हा म्हशीचे डोळे अर्धे मिटलेले होते. मी दोर धरायला धावले. मावशीने मात्र तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसायलाच लागली.

"तिले काई झालं नाई. तिले वाटते नाला भरला."

खरंच, म्हैस सुखात होती. आम्ही तिघांनी दोर ओढला तर तिने फक्त कान हलवला. काकांनी फळ्या सरकवल्या, ती त्यांच्यावर पाय ठेवीना. मग मावशी घरी जाऊन घमेल्यात भिजवलेली सरकीची पेंड घेऊन आली. लुगडं खोचून गुडघाभर गाळात उतरली आणि घमेलं तिच्या नाकासमोर धरून मागे मागे सरकत, हळू आवाजात बोलत राहिली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. गाळ मोठा उसासा सोडल्यासारखा वाजला आणि म्हैस चहूकडे चिखल उडवत उठली.

बाहेर आली ती नखशिखांत राखाडी. मावशीही तशीच. त्या उन्हात दोघी एकाच मातीच्या केल्यासारख्या दिसत होत्या. मी बागेचा पाइप लावून आधी मावशीच्या पायांवर पाणी सोडलं.

"माह्यावर नाई, तिच्यावर टाक," ती म्हणाली.

म्हशीच्या पाठीवर मी किती वेळ पाणी सोडलं, कोण जाणे. कोणीच बंद कर म्हणालं नाही. काकासुद्धा टाकीच्या सावलीत बसून बघत होते.

नंतर खिंडार बुजवलं, वाफ्यांना तारेचं कुंपण झालं. वाफा सुकला तेव्हा म्हैस बसली होती तिथे एक मोठा, गुळगुळीत खड्डा उरला होता. गाळ उचलायला ट्रॅक्टर आला, मजुरांनी फावड्यांनी ढेकळं फोडली, आणि तो खड्डाही ढेकळांसोबत ट्रॉलीत गेला.

मावशी अधूनमधून बसच्या थांब्यावर भेटते. म्हशी आता दूरच्या कालव्यावर नेते. त्या म्हाताऱ्या म्हशीला तेवढं चालवत नाही. तिला गोठ्यातच बादलीने आंघोळ.

"येजो एकदा घरी," परवा ती म्हणाली, "तुह्या हातचं पानी तिले लय आवडलं होतं."