दगडाचं कारंजं

इटलीतल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या हवेल्या आणि त्यांच्या बागा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना जितक्या ठाऊक आहेत, तितक्या त्यांच्या मालकांनाही नसतील; आणि काकांनी त्यांतली एकही पाहिलेली नाही. जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून त्यांची हयात गेली. जेनोआच्या बंदराला जहाज कितीदा तरी लागलं, पण दर वेळी इंजिनात काही ना काही निघायचं आणि काका खालीच अडकायचे. आता इथे परदेशात, बुकित बातोक वस्तीतल्या आमच्याच इमारतीच्या फ्लॅटमध्ये दुखरे गुडघे चोळत ते इटलीत चित्रित झालेले सिनेमे बघतात. म्हणजे सिनेमातली घरं बघतात. नायिका भिंतीला टेकून रडायला लागली की काका म्हणणार, "बाई, जरा सरका, मागचं चित्र झाकलं जातंय." पडद्यावर खून झाला तरी यांचं लक्ष गालिच्यावर. एकदा माझी मुलगी न राहवून इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावून "अंकल, स्टोरी बघा ला" म्हणाली, तर तिला त्यांनी सिनेमा थांबवून छताच्या तुळया मोजायला लावल्या. लिंबाच्या कुंड्यांची रांग पाहून बाग कुठली ते काका सांगतात. सगळ्या बागा सारख्याच दिसतात, असं कुणी म्हटलं तर त्याला चहासुद्धा विचारत नाहीत.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. गेल्या वर्षी आम्ही इटलीला निघालो, तेव्हा काका पहिल्यांदाच काही मागायला आमच्याकडे आले. त्यांच्या लाडक्या सिनेमातल्या बागेत एक कारंजं होतं. ते दगडाचं की प्लास्टरचं, एवढंच त्यांना हवं होतं. "टिचकी मारून बघ. दगड असला तर बोट दुखेल," म्हणाले, आणि हाताने काढलेला नकाशा दिला. मी गेलो नाही. बस चुकली, आजारी पडलो, असलं काहीही नाही. मी मॉलमध्ये बॅगा बघत बसलो. परत आल्यावर त्यांचा चेहरा पाहून ठोकून दिलं की दगडच आहे काका, बोट अजून दुखतंय. काकांनी ते बोट हातात घेऊन नीट पाहिलं. पुढे महिनाभर ते भेटेल त्याला, लिफ्टमधल्या चिनी शेजारणीलासुद्धा, सांगत होते की दगड आहे, आमच्या माणसाने स्वतः वाजवून पाहिलाय.

मग एका रविवारी त्यांनी मला वर बोलावलं. टीव्हीवर त्या सिनेमाच्या नेपथ्यकाराची मुलाखत चालू होती. कारंजं प्लास्टरचं होतं, शूटिंग संपलं त्याच दिवशी उचलून नेलं, तिथे आता नुसती हिरवळ आहे, असं तो हसत सांगत होता. मी काही बोलणार, तोच काकांनी टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकून शेजारच्या बागेत गेला असशील. होतं असं. सगळ्या बागा सारख्याच तर दिसतात."

आणि काकूंना त्यांनी चहा टाकायला सांगितला.

मी खरं सांगायला हवं होतं. मी चहा पिऊन खाली आलो. हल्ली तो सिनेमा लागतो, तेव्हा कारंजं आलं की काका न थांबवता तसंच जाऊ देतात, आणि मी शेजारी बोट मुठीत धरून बसतो.