जेवणाआधी अर्धा तास

मुरुडच्या एसटी स्टँडसमोर आमचं मेडिकल आहे आणि तिथे तापाच्या गोळ्यांपेक्षा उलटीच्या गोळ्या जास्त खपतात. याचं श्रेय आमच्या रस्त्याच्या वळणांना. शनिवारी सकाळी पर्यटक उतरतात ते पडल्या चेहऱ्याने, आणि समुद्र कुठे आहे हे विचारायच्या आधी माझ्या काउंटरला येऊन टेकतात. त्यांना मी एकच वाक्य ऐकवते : गोळी आधी घ्यायची असते, नंतर नाही. वीस वर्षं हे वाक्य बोलून बोलून मला वाटायला लागलं होतं की उलटी या विषयात अख्ख्या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. माझा हा माज बुधाजीकाकांनी उतरवला.

बुधाजीकाका म्हणजे स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गाव त्यांना कंट्रोलरच म्हणतं. मूळचे आतल्या बाजूच्या एका भातशेतीच्या गावचे, पण शेतात त्यांचं मन कधी रमलं नाही. भात आपल्या मर्जीने पिकतो, त्याला वेळापत्रक नसतं, ही त्यांची तक्रार. स्टँडवर मात्र त्यांचं राज्य होतं. आठ दहाची गाडी आठ दहाला सुटायची. आठ नऊला नाही आणि आठ अकराला तर नाहीच. बायजाकाकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाल्या होत्या, तेव्हा चपलेचा अंगठा तुटला म्हणून मिनिटभर मागे राहिल्या. कंट्रोलरसाहेबांनी स्वतःच्या बायकोसमोर गाडी सोडली आणि तिला सांगितलं, "पुढची दहाला हाय. बाकड्यावर बस." काकी ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना त्यांना राग येतो की कौतुक वाटतं, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही.

तर या माणसाच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सहा केमो ठरल्या, दर तीन आठवड्यांनी एक. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहाही तारखांभोवती लाल गोल केले आणि मला सांगून गेले, "सहा फेऱ्या हायेत. मारून टाकू." आजारी माणसाला धीर द्यायला मी दोन वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तशीच राहिली.

पहिली केमो झाली. दुसरी झाली. आणि कंट्रोलर दिसेनासे झाले. रोज सकाळी स्टँडवर येऊन, पगार नसताना, नव्या नियंत्रकाच्या चुका काढायचं त्यांचं काम बंद पडलं. नव्या नियंत्रकाला बरं वाटलं असेल, मला मात्र चैन पडेना.

एका मंगळवारी बायजाकाकी मीठसाखरेच्या पाण्याची पाकिटं न्यायला आल्या.

"काका कसे आहेत?"

"हायेत. ओकतात. गुरवारी तिसरी हाय, पण न्हाय जायचं म्हनतात."

"न्हाय जायचं म्हणजे?"

"बास झालं म्हनतात. पहिला आठवडा ओकन्यात जातो, दुसरा ओकायच्या भीतीत. आनि डॉक्टर म्हनला, वजन पन्नासच्या खाली गेलं तर तोच थांबवील. एक्कावन हाय."

मी म्हटलं, "आणि गोळ्या? उलटीच्या? संपल्या असतील ना, देऊ का आणखी?"

"त्या हायेत की," काकी म्हणाल्या, "पुरून उरतील."

माझं डोकं फिरलं. दोन केमो झाल्या, दोन्ही वेळा पाच पाच दिवसांच्या गोळ्या मी स्वतः मोजून दिलेल्या, आणि म्हणे पुरून उरतील! मी अर्धं शटर ओढलं आणि काकींच्या मागोमाग त्यांच्या घरी गेले. काका पडवीत आरामखुर्चीत होते. माणूस इतका वाळला होता की खुर्चीच जास्त दिसत होती. मी सरळ भांडायला सुरुवात केली. मला तेवढंच जमतं.

"गोळ्या का घेत नाही तुम्ही? एवढी शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, एवढे हट्ट?"

काका शांतपणे उठले, कपाटातून माझ्याच दुकानाचं कागदी पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच. अक्षर तुझंच हाय."

मी वाचलं. 'जेवणाआधी अर्धा तास. जेवणाशिवाय घेऊ नये.'

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? मी जेवलोच न्हाय. जेवनच न्हाय, तर जेवनाआधीचा अर्धा तास आनायचा कुठून? गाडीच लागली न्हाय, तर सुटायची वेळ कसली सांगायची?"

"अहो पण, एकदाही नाही जेवलात?"

"पेज घेतली. चार चमचे."

"मग पेजेच्या आधी घ्यायची!"

कंट्रोलरनी माझ्याकडे त्या नजरेने पाहिलं, ज्या नजरेने ते विनातिकीट माणसाकडे बघत असत. "पेज म्हंजे जेवन व्हय?"

आमच्याकडे पानात भात पडल्याशिवाय जेवण होत नाही, हे मलाही मान्य आहे. मळमळतंय म्हणून माणूस जेवत नाही, जेवत नाही म्हणून गोळी घेत नाही, गोळी घेत नाही म्हणून मळमळतंय. दीड महिना हा माणूस त्या पाकिटाभोवती गोल गोल फिरत होता, आणि प्रत्येक फेरी नियमाप्रमाणे. मला हसू फुटलं. हसता हसता दुसरी ओळ परत वाचली आणि हसणं थांबलं.

कारण 'जेवणाशिवाय घेऊ नये' ही ओळ त्या गोळीची नव्हतीच. ती दुखण्याच्या गोळीची. दोन्ही पाकिटं एकदम लिहायला घेतली होती. समोर शनिवारची गर्दी होती आणि हात सवयीने दोन्हींवर तेच लिहून मोकळा झाला होता. दुसऱ्या केमोच्या वेळी तर मी जुनंच पाकीट बघून उतरवून काढलं. सगळ्या मुरुडला गोळी कधी घ्यायची ते शिकवणारी मी!

"काका, माझी चूक झाली," मी म्हटलं. "ती ओळ चुकून लिहिली. या गोळीला जेवणाची गरज नाही. तुमचे हाल माझ्यामुळे झाले."

आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. या माणसाने ड्रायव्हरांना चार मिनिटांसाठी मेमो दिलेले. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "छापील वेळापत्रकात चूक निघाली तर तोंडी दुरुस्ती चालत न्हाय. जुनं रद्द कर. सही कर. नवीन लिही."

मी आधी तिथूनच हॉस्पिटलच्या नंबरवर फोन लावला. तिकडच्या सिस्टरनी स्पष्ट सांगितलं : मळमळ सुरू व्हायची वाट बघायची नाही, पहिल्या दिवसापासून पाच दिवस, दिवसातून दोनदा, घड्याळ लावून. पोटात काही असो नसो. हे सगळं मी काकांना स्पीकरवर ऐकवलं. मग जुन्या पाकिटावर 'रद्द' लिहिलं, सही केली, तारीख घातली. नवा कागद घेतला. 'सकाळी सात, संध्याकाळी सात' असं लिहिलं, तर काकांनी तो परत केला. "संध्याकाळी सात म्हंजे काय? ०७.००, १९.०० असं लिही." लिहिलं. खाली लिहिलं, 'जेवण असो अथवा नसो.' दुकानात जाऊन शिक्का मारून आणला. तो कागद त्यांनी लाल गोलांच्या कॅलेंडरशेजारी चिकटवला आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिला.

"तिसऱ्या केमोला जाणार ना?" मी विचारलं.

"सुधारित वेळापत्रक हाय. एकदा चालवून बघावं लागेल."

गुरुवारी काका गेले. वजन पन्नास किलो सहाशे ग्रॅम भरलं. चारशे ग्रॅम आणखी उतरलं होतं, पण फेरी मिळाली. मी मात्र पुढचे दोन दिवस दुकानात बसून स्वतःला शिव्या देत होते, आणि सात वाजले की घड्याळाकडे बघत होते.

रविवारी दुपारी दुकान बंद करून बघायला गेले. काका पाटावर बसले होते. पुढ्यात मऊ भात, कुळथाची पिठी, लिंबाची फोड. मासळी नव्हती, कारण तिच्या वासाने अजून पोटात ढवळायचं आणि पहिल्या केमोपासून त्या घरात साधा सुकटीचा डबासुद्धा उघडला नव्हता. काका एकेक घास विचार करून गिळत होते. मधेच थांबले, डोळे मिटले. काकी मोरीतलं घमेलं घेऊन उभ्याच राहिल्या. पण काही झालं नाही. काकांनी डोळे उघडले आणि पुढचा घास घेतला. पानातला सगळा भात संपला. मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण त्या माणसाला टाळ्या आवडत नाहीत.

"मळमळतंय?" मी विचारलं.

"हाय थोडं. पन बसून हाय, उठत न्हाय."

ते हात धुऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. मी मागून डोकावले. आत काकी जमिनीवर बसून जेवत होत्या. जेवत होत्या म्हणणं बरोबर नाही. टोपातला भात टोपातच पिठी ओतून, मान वर न करता, घाईघाईने पोटात ढकलत होत्या.

"तू तर मघाशीच जेवलीस म्हनालीस," काका म्हणाले.

काकींनी टोप पदराआड ओढला.

"रोज म्हनतेस. माझं मघाशीच झालं."

काकींनी तोंडातला घास गिळला. "तुमी जेवल्याबिगर मी कशी जेवनार?"

"असं कुनी लिवून दिलंय तुला?"

"लिवायला कशाला पायजे?"

दीड महिना त्या घरात दोन माणसं उपाशी होती आणि आम्ही सगळे एकाचंच वजन करत होतो. दुसऱ्या दिवशी मी काकींना हाताला धरून दुकानात आणलं आणि काट्यावर उभं केलं. त्यांचंही सहा किलो उतरलं होतं. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्या काउंटरवर त्या आठवड्यातून दोनदा येत होत्या.

काकांनी माझ्याकडून आणखी एक कागद लिहून घेतला. 'बायजा. १२.३०, २०.००. नवरा जेवो अथवा न जेवो.' सही, तारीख, शिक्का, सगळं रीतसर. स्वतःच्या हाताने त्यांनी तो स्वयंपाकघरात चिकटवला. संध्याकाळी मी गेले तर तो लोणच्याच्या बरणीखाली होता. बरणीला बुडाशी तेल सुटतं, त्यासाठी बरा पडतो, असं काकी म्हणाल्या.

काकांनी पुन्हा लिहून मागितला नाही. गेल्या आठवड्यात चौथी केमो झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा ते पानावर बसले होते आणि चेहरा चांगला दिसत नव्हता. मी म्हटलं, "काका, गोळी घेतलीत ना, मग आता जबरदस्ती करू नका. नसेल जात तर ठेवा थोडं."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, आणि आवाज बारीक करून म्हणाले, "ठेवून कसं चालेल? ती थांबलीय."

आणि भाताचा पुढचा घास उचलला.