खाटेखालची कोनफळं

जंगलातलं घर सोडून आम्ही रामनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत आलो, तेव्हा आईनं टेम्पोत सगळ्यात आधी कोनफळांच्या टोपल्या चढवल्या. दवाखाना जवळ, शाळा जवळ, बारमाही रस्ता, ही सगळी कारणं माझी. आईला त्यातलं एकही पटलं नव्हतं. जुनी जमीन सुटली होती आणि तिच्या बदल्यातली नवी अजून मिळायची होती.

कोनफळाचा वेल पावसाळ्यानंतर वाळतो, कंद मात्र मातीत जिवंत राहतो. आमच्याकडे तो पौषात खणतात. खालचा भाग खायचा आणि वरचा माथा कापून बियाण्याला ठेवायचा. आईनं कापलेल्या बाजूंना राख चोळली, माथे दोन दिवस सावलीत सुकवले आणि माझ्या खाटेखाली मांडले. दुसरी अंधारी जागाच नव्हती. राखेनं माझ्या चपला पांढऱ्या व्हायच्या आणि मी रोज कुरकुर करायचो.

"बाजारात मिळत्यात की कोनफळं," मी एकदा बोललो. "जागा झाली की आणू."

"ती आमची न्हाईत," आई म्हणाली. एवढंच.

वैशाख सरता सरता माथ्यांना आपोआप कोंब फुटले. एक तर खाटेच्या पायाला विळखा घालून खिडकीकडे निघाला. जमिनीचा अजून पत्ता नव्हता. या पावसात माथे मातीत गेले नाहीत, तर सुकून जाणार आणि आईला तिच्या सासूकडून मिळालेलं बियाणं कायमचं संपणार, हे मलाही कळत होतं.

एका सकाळी आई टोपली घेऊन गल्लीत दारोदार निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागोमाग गेलो, तर ती घरमालकिणीच्या दारात उभी. ही बाई खानापूरकडची, जिभेनं तिखट. राखेवरून तिनं मला दोनदा झापलं होतं.

"अक्का, परसात एक लावा," आई सांगत होती. "खणशीला तवा खालचं तुमी खावा. माथा तेवढा मला द्या."

"आनि न्हाई दिला तर?"

"तर तुमीच लावा फुडल्या साली. मरू तेवढा देऊ नगा."

घरमालकिणीनं टोपली चाचपून सगळ्यात मोठा माथा उचलला.

त्या पावसाळ्यात आमचे वेल कुठं कुंपणावर, कुठं पेरूवर, एका घरी तर चक्क टीव्हीच्या छत्रीवर चढले. आई रोज संध्याकाळी गल्लीतून फेरी मारायची आणि लोकांच्या परसात वाकून बघायची. तिला जेवायला बोलवायला आता मीच दारोदार हिंडायचो.

पौषात माथे परत आले. सगळे नाही. काही उंदरांनी खाल्ले, एका घरानं भाजीत घातला आणि आईला बघून तोंड चुकवलं. घरमालकीण मात्र राख लावूनच घेऊन आली. आई खाटेशी बसून ते सगळं निवडत होती. वर्षभर मनात सलत होतं ते मी शेवटी विचारलं.

"आई, तुला हितं आणलं, ते चुकलं काय माजं?"

तिनं हातातला माथा राखेत घोळवला.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. "आता खाट वाईच उंच कर. औंदाचे माथे मोठे हाईत."

मी उठलो आणि खाटेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा लावल्या.